आधी पिक्चर ट्यूब, मग मासे

जुन्या टीव्हीच्या पेटीत मासे पोहताना दिसले, की पाहणाऱ्याची नजर आधी माशांवर जाते आणि मग पेटीवर. त्या पेटीत पूर्वी जे होते ते कुठे गेले, हे सहसा कुणी विचारत नाही. टीव्हीचा फिश टँक करण्याची कल्पना चांगली आहे. टाकून द्यायच्या वस्तूला घरातच दुसरे काम मिळते आणि ते दिसतेही देखणे. पण संचाच्या वजनातला निम्म्याहून अधिक वाटा पिक्चर ट्यूबच्या काचेचा असतो. पेटी ठेवून घेतली आणि ट्यूब भंगारात दिली, तर निरुपद्रवी लाकूड आपल्याकडे राहते आणि शिसे मिसळलेली जड काच दुसऱ्याच्या दारात जाते. दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात ते दार कुणाचे, हेही ठाऊक आहे. म्हणून या कामाला पुनर्वापर म्हणायचे की नाही, हे ट्यूबचे काय झाले त्यावरून ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. मासे, रेती, दिवे या गोष्टी त्यानंतरच्या.

या विषयासाठी दिल्लीच निवडण्याला कारण आहे. भारतातले पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबईला त्यासाठी २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत थांबावे लागले. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेही दिल्लीतून. त्यामुळे टीव्हीच्या प्रत्येक पिढीतले संच या शहरात आधी आले आणि जुनेही आधी झाले. वेस्टन, टेक्सला, क्राउन, अपट्रॉन अशा नावांचे, चार पायांवर उभे राहणारे, पुढे सरकते लाकडी शटर असणारे संच म्हणजे जवळपास फर्निचरच होते. डावीकडे पडदा, उजवीकडे चॅनेल फिरवायचे बटण आणि स्पीकरची जाळी, असा त्यांचा थाट असे. पुढे प्लास्टिकच्या पेट्या आल्या, आणि नंतर सपाट पडद्यांनी दोन्ही मोडीत काढल्या. प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत मोजकी केंद्रे सोडून देशभरातले जुन्या पद्धतीचे अँटेनावरचे प्रक्षेपण बंद केले. आता असा संच नुसत्या अँटेनावर चालत नाही, दुरुस्त करणारे कारागीर कमी झाले आहेत आणि लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्येही आता वेगळ्याच मालाची गर्दी आहे. पेटी मात्र अजून भक्कम असते, आणि टँक करण्याचा विचार तिथूनच सुचतो.

आता ट्यूबकडे वळू. ती आतून जवळजवळ पूर्ण निर्वात असते. त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब तिच्यावर सतत पडत असतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. २० इंची पडद्याचे क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या पडद्यावर सव्वा टनाहून जास्त भार असतो. दर्शनी काच जाड आणि बाहेर फुगीर असते ती यासाठीच, आणि तिच्याभोवती पोलादी पट्टा आवळलेला असतो तोही यासाठीच. मागच्या निमुळत्या मानेला धक्का बसला तर काच आत कोसळते आणि तुकडे उसळून बाहेर येतात. दुसरी गोष्ट विजेची. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो, आणि काचेच्या आतबाहेर असलेल्या वाहक लेपांमुळे ट्यूब स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखी वागते. प्लग काढल्यानंतरही तिच्यात साठलेला विद्युतभार बराच काळ टिकू शकतो. तिसरी गोष्ट काचेची. इलेक्ट्रॉन जोरात आदळले की क्ष-किरण निर्माण होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून मागच्या नरसाळ्यासारख्या भागात शिशाचे ऑक्साइड मिसळतात. रंगीत ट्यूबच्या त्या काचेत त्याचे प्रमाण वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असते. पुढची काच बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची, कारण शिशाची काच कालांतराने तपकिरी पडते. रंगीत ट्यूबमध्ये हे दोन भाग ज्या लुकणाने जोडलेले असतात त्यात तर बहुतांश शिसेच असते. पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या भुकटीचा थर असतो, आणि जुन्या ट्यूबच्या भुकटीत कॅडमियमही असते. ट्यूब कापून तिच्याच पोटात पाणी भरण्याचे प्रयोग कुणी कितीही हौसेने दाखवले, तरी ते का करू नयेत हे एवढ्यावरून स्पष्ट होईल.

ही काच कुठे जाते हे समजायला थोडे मागे जावे लागते. ट्यूबचे टीव्ही बनत होते तोवर जुनी काच वितळवून नव्या ट्यूबची काच करता येत असे. गाझियाबादजवळच्या छपरौला येथे सॅमटेल कंपनी रंगीत ट्यूब बनवत होती. औरंगाबादेत टीव्हीच्या धंद्यात उतरलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, आणि व्हिडिओकॉनच्या भरूचच्या काच कारखान्यात अमेरिकेतल्या भंगार ट्यूबांची काचसुद्धा येऊन पडत होती. सपाट पडदे आले, हे कारखाने थांबले आणि शिशाच्या काचेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. तांब्याला भाव राहिला, सर्किट बोर्डाला भाव राहिला, काचेला नाही. ज्याला भाव नाही ते भंगाराच्या व्यवहारात वाटेत कुठेतरी टाकले जाते. ईशान्य दिल्लीतले सीलमपूर हा देशातला ई-कचऱ्याचा सर्वांत नावाजलेला बाजार; तिथून माल मुस्तफाबाद, मंडोली आणि हद्दीपलीकडच्या लोणीपर्यंत पसरतो, बोर्ड मुरादाबादपर्यंत जातात. गल्ल्यांत, घरांच्या पुढच्या खोल्यांत, उघड्या हातांनी माणसे संच फोडतात. ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी हवी असते म्हणून मान तोडतात. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००३ मध्ये या व्यवसायावरचा अहवाल काढला आणि पुढे २०१४ मध्ये लोणी व मंडोलीची माती आणि पाणी तपासून त्यांत जड धातू असल्याचे दाखवले. शिसे शरीरात साचते, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. त्या गल्ल्यांत मुलेही राहतात. दिवाणखान्यातला टँक सुंदर दिसावा म्हणून ही किंमत दुसऱ्याच्या मुलाने द्यावी, हे मला मान्य होत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: काचेत बंदिस्त झालेले शिसे इतक्या सहज बाहेर येते का? धड, कोरड्या काचेतून येत नाही. पण काच फुटून तिचे तुकडे कचऱ्याच्या आम्लधर्मी ओलाव्यात पडले की येते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात २००० च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत तपासलेल्या रंगीत ट्यूबांपैकी बहुसंख्य ट्यूबांतून धोकादायक कचऱ्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे पाच मिलिग्रॅमपेक्षा, जास्त शिसे झिरपले. त्याच चाचण्यांत कृष्णधवल ट्यूब मात्र मर्यादेत राहिल्या. टँकसाठी सर्वांत योग्य असलेले शटरवाले संच बहुधा कृष्णधवलच असतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत शिशाची चिंता काहीशी कमी, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. निर्वात काचेचा धोका आणि कॅडमियमची भुकटी मात्र त्यांतही आहेच. दुसरा आक्षेप पोटाचा: भंगारवाल्याची रोजी का बुडवायची? ती बुडवण्याची गरज नाही. तांबे, बोर्ड, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर यांतच त्याची कमाई आहे. त्याला ज्याचे काही मिळत नाही आणि ज्याने अपाय होतो, ती ट्यूब तेवढी धड राखून अधिकृत केंद्राकडे द्यायची. २०१२ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत दूरचित्रवाणी संच पहिल्यापासून आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रणाची ठरावीक उद्दिष्टे आहेत, आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. वेस्टनसारखी कंपनीच आता नाही, मग जबाबदार कोण, असे कुणी विचारेल. कंपनी न उरलेल्या मालाला नियमांत अनाथ उत्पादन असे नाव आहे, आणि तो गोळा करून अधिकृत ठिकाणी पोचवण्याचे काम स्थानिक नागरी संस्थांचे आहे. ही व्यवस्था अजून ढिली आहे. नागरिकांनी मागणीच केली नाही तर ती ढिलीच राहील.

ट्यूब काढण्याचे काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडूनच करून घ्यावे. तो आधी ट्यूबमध्ये साठलेला विद्युतभार जमिनीला देतो, मग मानेवरची जोडणी सोडवतो, आणि ट्यूब पडद्याच्या बाजूने जाड घडीवर पालथी ठेवतो. आतले एकही सर्किट मागे ठेवू नये. रिकाम्या पेटीत बसवायचा टँक स्वतंत्र, पाचही बाजूंनी काचेचा हवा; पेटी म्हणजे त्याच्यावर चढवलेला अंगरखा. शटरवाल्या संचाच्या रुंदीत साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच टँक मावतो. त्यात ३२ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले तर ते ५५ लिटरच्या आसपास होते. पडद्याच्या चौकटीची उंची ३० सेंटिमीटर धरली, तर पाण्याची वरची रेघ चौकटीमागे लपते आणि चित्र काठोकाठ भरलेले दिसते. बटणांच्या पट्टीमागे येणाऱ्या भागात फिल्टर आणि हीटर बसतात, बाहेरून दिसत नाहीत. जुन्या रचनेचा हा फायदा प्लास्टिकच्या पेटीत मिळत नाही. दाबाचे गणित इथे उलटे होते. ट्यूबची काच बाहेरचा दाब सोसायची, टँकची काच आतला सोसते. तो दाब किती लिटर पाणी आहे यावर नव्हे, पाण्याच्या खोलीवर ठरतो. ३२ सेंटिमीटर खोलीला पुढच्या काचेवर एकूण भार तीस किलोच्या घरात येतो, त्याला ६ मिलिमीटरची काच आणि नीट भरलेले सिलिकॉन पुरते. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले घ्यावे, कारण ते रसायन माशांना मारक ठरते. खरी अडचण वजनाची आहे. पाणी, काच, रेती मिळून सत्तर-पंचाहत्तर किलो होतात, मूळ संचाच्या दुपटीहून अधिक. जुन्या पार्टिकल बोर्डाच्या तळाला ओल लागली की तो फुगतो आणि खचतो. म्हणून टँकचा भार १८ मिलिमीटरच्या प्लायच्या फळीवर आणि ती फळी थेट पायांवर किंवा लोखंडी स्टँडवर टेकलेली असावी. वरचे झाकण पूर्ण उघडेल असे बिजागरीवर बसवावे. ज्या टँकमध्ये हात नीट जात नाही त्याची सफाई होत नाही.

दिल्लीचे हवामान हा या प्रकल्पाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि तो बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. उष्ण कटिबंधातल्या माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या पहाटे ४-५ अंशांवर येतो. थंडीचा उपाय सोपा: ५५ लिटरला ७५ ते १०० वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर. उन्हाळ्याचा उपाय अवघड, कारण बंद पेटी उष्णता कोंडते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम मावत असेल तर ३५ अंशांना सातच. त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण त्याच्या शरीरातल्या सगळ्या क्रिया वेगाने चालतात. इथे टीव्हीच्या मागच्या झाकणावरच्या फटी कामी येतात. त्या व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर पडावी म्हणून केलेल्या. त्या तशाच ठेवून एक छोटा बारा व्होल्टचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून हवा खेळवेल असा लावला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश थंड राहते. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये ही युक्ती उत्तम चालते, ज्या तत्त्वावर घरातला कूलर चालतो त्याच तत्त्वावर. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती निकामी होते, पण तोवर हवेचा पाराही उतरलेला असतो. उडून गेलेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. वीज गेली तर चालू राहणारा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. पेटीत दिवा लावायचा तो बारा व्होल्टचा एलईडीच, आणि घराच्या जोडणीत विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोचताच वीज तोडणारा आरसीसीबी असल्याशिवाय पाण्याशेजारी विजेचे काहीही लावू नये.

पाण्याचेही तसेच. ‘नळाचे पाणी रात्रभर ठेवा, क्लोरीन उडून जाईल’ हा सल्ला मुंबई-पुण्यात बऱ्याच अंशी चालतो, दिल्लीत नेहमी चालत नाही. वझीराबाद आणि चंद्रावळ इथली जलशुद्धीकरण केंद्रे यमुनेचे पाणी घेतात. हिवाळ्यात नदीत अमोनिया वाढतो आणि तो लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास गेला की ही केंद्रे उत्पादन कमी करतात किंवा थांबवतात. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन घातले की क्लोरामाइन तयार होते. ते उघड्या बादलीतून लवकर उडत नाही आणि माशांच्या कल्ल्यांना जाळते. सोडियम थायोसल्फेटचे साधे खडे त्यातला क्लोरीन निकामी करतात, पण अमोनिया पाण्यात सुटा होतो. म्हणून दोन्ही बांधून ठेवणारे द्रावण लागते. नोएडा, गुरुग्रामच्या अनेक वसाहतींत बोअरवेलचे पाणी येते, तिथे त्रास वेगळा. ते जड असते, म्हणून घरोघर आरओ बसवलेले. आरओचे शुद्ध पाणी क्षारांअभावी माशांना मानवत नाही, त्याची आम्लता पटकन ढळते. आणि आरओने बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. दोन्ही टाळून साठवलेले बोअरचे पाणी घ्यावे, गरज वाटली तर त्यात थोडे आरओचे मिसळावे. मुंबईच्या तलावांचे पाणी मृदू असल्याने कुर्ल्याच्या बाजारातून आणलेले निऑन टेट्रा तिथे तगतात. तेच जड पाण्यात आजारी पडतात. पाणी कसलेही असले तरी नव्या टँकमध्ये पहिले चार ते सहा आठवडे घाई करू नये. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि रेतीवर वस्ती करायला एवढा वेळ घेतात.

आता सर्वांत गंभीर आक्षेप: शोभेसाठी जिवंत प्राणी पेटीत का कोंडायचा? याला सरसकट उत्तर नाही, टाकीच्या मापावर आणि माशाच्या निवडीवर ते अवलंबून आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत अँडी इनाट्को यांनी जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या खोक्यात टँक बसवण्याची कृती लोकप्रिय केली. त्यात जेमतेम दहा लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यात तापमान आणि घाण दोन्ही झपाट्याने बदलतात, आणि मासा त्रासातच जगतो. चौदा इंची प्लास्टिकच्या टीव्हीची गतही फारशी वेगळी नाही, म्हणून तो टँकसाठी घेऊच नये. ५५ लिटरमध्येही गोल्डफिश नको. तो थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा आणि भरपूर घाण करणारा मासा आहे. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर फिश तर मुळीच नको. तो फूटभर वाढतो, मग लोक त्याला नदीत सोडतात, आणि दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज आपल्या नद्या-तलावांत ठाण मांडून स्थानिक माशांना हुसकावतो आहे. त्याऐवजी गंगेच्या खोऱ्यातलेच मासे का पाळू नयेत? जगभरच्या प्रयोगशाळांत असलेला झेब्रा डॅनिओ मूळचा इथला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली नोंद केली. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा ड्वार्फ गोरामीही याच प्रदेशातला. त्याला कल्ल्यांखेरीज हवा घेणारे वेगळे इंद्रिय असते, तो पृष्ठभागावर येऊन श्वास घेतो, त्यामुळे तापलेल्या पाण्यातही तग धरतो. आठ-दहा झेब्रा आणि गोरामीची एक जोडी एवढी वस्ती पुरे, आणि तीही पैदास केंद्रातली, नदीतून पकडलेली नव्हे. पाणी जड असेल तर गप्पी, प्लॅटी, मॉली यांना ते उलट आवडते. बाजारात मिळणारा नेहमीचा चौकोनी टँक याहून स्वस्त पडतो आणि सांभाळायला सोपा, हे खरे आहे. ज्याला फक्त मासे पाळायचे आहेत त्याने तोच घ्यावा. पेटी जिवाभावाची आहे, ती मोडवत नाही, त्याच्यासाठी हा खटाटोप आहे.

आणि संच अजून चालत असेल, किंवा आतल्या भागांसह धड असेल, तर तो फोडूच नये. लाकडी शटरचे संच आता विरळ झाले आहेत. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९७५ मध्ये ‘व्हिडिओ फिश’ ही कलाकृती केली, तेव्हा त्याने जिवंत माशांच्या टाक्या चालू टीव्हींच्या पुढे मांडल्या. पडद्यावरच्या चित्रापुढून मासे जात राहिले. पेटीही राहिली आणि ट्यूबही. बंद पडलेल्या संचाच्या बाबतीत मात्र निर्णय लांबवण्यात अर्थ नाही, कारण दिल्लीत दिवाळीच्या साफसफाईत असे संच हमखास हातगाडीवर चढतात. यंदाच्या साफसफाईत संच काढायचा असेल तर आधी नोंदणीकृत केंद्राला फोन करा, ट्यूब धड अवस्थेत नेणार का ते विचारा आणि दिल्याची पावती घ्या. नवरात्रापर्यंत हे झाले, तर कडाक्याची थंडी पडण्याआधी टँकमधले जिवाणू रुजायला पुरेसा वेळ मिळतो.